दुपारी दुसरं कुणी येत नाही

परीक्षेला बसणाऱ्या मुलांची अशी समजूत असते, की प्रश्न काढणारी माणसं घरी आरामखुर्चीत रेलून, चहाचे घोट घेत, पोरांना कसं छळावं याचा विचार करत बसतात. त्यातला छळण्याचा भाग खरा आहे. आरामखुर्ची मात्र खोटी. मोठ्या भरतीचा पेपर तयार होत असतो तेव्हा तो काढणाऱ्यांनाच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर कोंडून ठेवतात. खिडक्यांना आतून खाकी कागद चिकटवलेला, मोबाइल खाली लोखंडी पेटीत जमा, जेवण खालून येणार आणि खरकटी ताटंसुद्धा तपासून खाली जाणार. परीक्षा सुरू झाली की दार उघडायचं, त्याआधी नाही. कैद्याला निदान भेटायला कुणी येतं.

अशाच एका मजल्यावर, लांबट टेबलाच्या टोकाला, उलटतपासणीबाई बसल्या होत्या. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण त्या खोलीत खऱ्या नावांना फारशी किंमत नव्हती. प्रमुखांना सगळे पाठीमागे कात्रीसर म्हणत, कारण त्यांच्या हातातून कुणाचं वाक्य अखंड परत आलं नव्हतं. त्यांच्या डाव्या हाताला वकीलसाहेब आणि उजव्या हाताला आकडेमोडीत हुशार असलेली एक तरुण मुलगी, जिला सगळे छोटी म्हणायचे. दाराबाहेर खुर्ची टाकून पहारेसाहेब. त्यांचं काम एवढंच, की आतला शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बाहेरचा आत येऊ द्यायचा नाही.

तर्काच्या पेपरात बाईंचा हातखंडा होता तो गृहीतकाच्या प्रश्नांत. माणूस एखादं कारण सांगतो, त्यावरून निष्कर्ष काढतो आणि मधल्यामध्ये एक गोष्ट न बोलता धरून चालतो. ‘दादा छत्री घेऊन गेलाय, म्हणजे पाऊस येणार,’ असं म्हणणारी बहीण दादाला हवामानातलं कळतं असं धरून चालते, आणि दादाला ओळखणाऱ्यांना हसू येतं. ती न बोललेली गोष्ट नेमकी कोणती, एवढंच मुलांना ओळखायचं असतं. त्याची युक्ती बाईंनी शेकडो मुलांना शिकवली होती. पर्याय उलटा करून बघा. उलटा केल्यावर निष्कर्ष कोसळला, तर त्याच्यावाचून अडत होतं. नाही कोसळला, तर तो नुसता शोभेला होता. सारखं ‘उलटं करा, उलटं करा’ म्हणायच्या म्हणून त्यांचं ते नाव पडलं आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. नवरा चिडवायचा, की मी लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा तू आधी मला उलटा करून बघितला असशील.

त्या दिवशी मात्र बाईंचं लक्ष पेपरात नव्हतं, भिंतीवरच्या घड्याळात होतं. साडेपाचला त्यांचे वडील घर सोडून जाणार होते.

बाबा ऐंशीला टेकले होते. उभं आयुष्य तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात गेलेलं. आवाज अजून पलीकडच्या काठावर ऐकू जाईल असा, पण स्वतःच्या कानांना यंत्र लागायचं. आई गेल्यापासून ते लेकीच्या घरी राहत होते. घरात माणसं तीनच, बाई, नवरा आणि बाबा. सकाळी बाई क्लासवर जायच्या, नवरा खोकी बनवणाऱ्या कंपनीत, आणि दिवसभर घर बाबांचं. दुपारी यंत्र काढून उशाशी ठेवायचं आणि पार उन्हं उतरेपर्यंत ताणून द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. शेजारी बँड वाजला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता.

मग तो पातेल्यांचा प्रकार सुरू झाला. एकदा बाई घरी आल्या तर शेगडी पेटलेली आणि पातेल्यातलं पाणी आटून गेलेलं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, शेजारी टांगलेला फडका एका कोपऱ्यात करपला होता आणि स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. पलीकडच्या खोलीत बाबा गाढ झोपलेले. त्या धुरात उभ्या राहून बाई इतक्या घाबरल्या की त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. त्यांनी बाबांना हलवून उठवलं, जळकं पातेलं त्यांच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाल्या, “बाबा, पुन्हा गॅस चालू ठेवलात.”

बाबांनी पातेल्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. सावकाश कानात यंत्र घातलं आणि म्हणाले, “असेल. विसरलो असेन.”

पुढचं सगळं सरळ झालं. शहराबाहेर, नदीपलीकडे एक वृद्धनिवास होतं. स्वच्छ, हवेशीर, मागे बाग, दिवसरात्र माणूस हजर. बाईंनी आणि नवऱ्याने जाऊन पाहिलं. नवरा त्या दिवशी फारसा बोलला नाही, पण सासऱ्यावर त्याचा जीव आहे, वाईट वाटत असेल, असं बाईंनी मनाशी म्हटलं. बाबांना सांगितलं तेव्हा तेही काही बोलले नाहीत. त्यांनी एकच अट घातली, की तू त्या पेपरासाठी आत असशील तेव्हाच मला नेऊ दे, दारातला निरोपाचा तमाशा मला नको. खरं सांगायचं तर बाईंना सुटल्यासारखं झालं होतं. आणि सुटल्यासारखं झालं, याचीच लाज वाटून जेवताना त्यांचा घास तोंडातच फिरत होता.

त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बाबा गेले की परत येणाऱ्यातले नव्हते. तलावाच्या मंडळाशी एकदा त्यांचं बिनसलं, तर त्यांनी त्या तलावाचं तोंड पाहिलं नाही. बाजारात जायचा जवळचा रस्ता तिकडूनच जायचा, तर लांबचा वळसा घालून जायचे. ज्या दाराने त्यांना नको म्हटलं, त्या दारात ते पुन्हा उभे राहत नसत. साडेपाचनंतर जे होईल ते कायमचं होईल, हे बाईंना कळत होतं.

चार वाजून गेल्यावर कात्रीसरांनी गठ्ठ्यातला पुढचा प्रश्न उचलला. या खोलीचा एक रिवाज होता. प्रश्न कुणी लिहिलाय हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत असायचं. बाकीचे त्याची चिरफाड करत आणि लिहिणाऱ्याने दुसऱ्याचंच पोर मार खातंय अशा चेहऱ्याने बघत बसायचं. तोंड उघडायचं नाही, बचाव करायचा नाही.

सरांनी चष्मा नाकावर चढवून वाचलं, “एका दवाखान्याच्या औषधांच्या कोठीतलं थंड कपाट महिन्याभरात तीनदा संध्याकाळी उघडं सापडलं. दुपारची पाळी म्हाताऱ्या कोठीवाल्याची असते. यावरून व्यवस्थापकाने निष्कर्ष काढला, की कपाट उघडं टाकणारा कोठीवालाच आहे. हा निष्कर्ष कोणत्या गृहीतकावाचून उभा राहणार नाही?”

बाईंनी खाली मान घातली. प्रश्न त्यांचाच होता, तिसऱ्या पातेल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेला. घरातला राग प्रश्नात उतरवायची खोड या धंद्यातल्या बहुतेकांना असते. वकीलसाहेबांच्या प्रश्नांतले भाडेकरू नेहमी खोटारडे असायचे, त्यावरून त्यांनी वरचा मजला भाड्याने दिलाय हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. बाईंनी शेगडीचं कपाट केलं होतं, घराचा दवाखाना, बापाचा कोठीवाला. स्वतःचा व्यवस्थापक केलाय, हे तेव्हा त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

पहिला पर्याय छोटीने घेतला. कोठीवाल्याने पूर्वीही अशा चुका केल्या आहेत. तिने तो उलटा केला, पूर्वी चुका केलेल्या नाहीत. मग? आता केल्या असतीलच की. निष्कर्ष जागेवर. दुसरा पर्याय वकीलसाहेबांनी घेतला. वय वाढलं की विसराळूपणा वाढतोच. छोटी पटकन म्हणाली, की उलटं केलं तर विसराळूपणा वाढत नाही. वकीलसाहेबांनी तिला थांबवलं आणि समजावलं, की ते उलटं नव्हे, ते दुसरं टोक. उलटं म्हणजे, वाढतोच असं नाही. तरीही हा एक म्हातारा विसराळू असू शकतो. निष्कर्ष अजून जागेवर. बाई मनातल्या मनात मान डोलावत होत्या. प्रश्न घट्ट बांधलेला होता.

तिसरा पर्याय सरांनी स्वतः वाचला. “कोठीवाल्याच्या पाळीत दुसरं कुणी कोठीत येऊन कपाट उघडत नाही. उलटं करा.”

“दुसरं कुणीतरी येऊन उघडतं,” छोटी म्हणाली. “कोसळला.”

“कोसळला,” वकीलसाहेब म्हणाले. “पण नीट समजून घ्या हं. याने कोठीवाला निर्दोष ठरत नाही. त्याने केलंही असेल. फक्त व्यवस्थापकाला ‘कोठीवालाच’ म्हणायचा हक्क उरत नाही.”

सर हसले आणि म्हणाले, की लिहिणाऱ्याने हा गाढव व्यवस्थापक मात्र झकास रंगवलाय. अरे, म्हाताऱ्याला धरण्याआधी कोठीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे एवढं तरी विचारायचं. सगळे हसले. बाईही हसल्या, कारण न हसणं म्हणजे प्रश्न आपला आहे असं सांगण्यासारखं होतं.

घराच्या किल्ल्या तीन होत्या. एक त्यांच्याकडे, एक बाबांकडे, एक नवऱ्याकडे.

तिसरा पर्याय बरोबर आहे हे त्यांना लिहितानाच ठाऊक होतं. तो त्यांनीच लिहिला होता, त्याच्यापुढे बरोबरची खूण त्यांनीच केली होती. दवाखान्याच्या बाबतीत त्यांनी तो उलटा करून, हलवून, ठोकून पाहिला होता. घराच्या बाबतीत मात्र त्याला बोटही लावलं नव्हतं. दुपारी दुसरं कुणी येत नाही. का येत नाही? कारण येत नाही. क्लासमध्ये एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर बाईंनी त्याला उभं केलं असतं.

सर चौथा पर्याय वाचत होते आणि बाईंना ते काळं पातेलं आठवत होतं. ते त्यांनी स्वतःच घासलं होतं, चांगलं अर्धा तास. तळाशी काळा, काचेसारखा कडक थर होता. जळलेली साखर. चाकूने खरवडून काढावी लागली होती. बाबांना मधुमेह. त्यांचा चहा कित्येक वर्षं बिनसाखरेचा. घरात दोन चमचे साखर घालून चहा पिणारा माणूस एकच होता.

मग एकामागून एक सगळं येऊन आदळायला लागलं. नवऱ्याचा डबा हल्ली घासूनपुसून परत यायचा. कंपनीत भांडी घासायला माणूस ठेवलाय, असं तो म्हणाला होता, आणि बाईंना कंपनीचं कौतुक वाटलं होतं. आणि ते तीन दिवस. तिन्ही दिवशी क्लास लवकर सुटला होता. तिन्ही दिवशी निघताना त्यांनी नवऱ्याला मेसेज टाकला होता, लवकर घरी जातेय, येताना काही आणू का. एरवी तासातासाने उत्तर देणाऱ्या माणसाचं उत्तर तिन्ही वेळा लगेच आलं होतं. काही नको. चहा उकळत ठेवून, पायात चपला सरकवून, जिन्याने पळत सुटलेला माणूस दोन शब्दांपलीकडे काय लिहिणार?

बाईंनी स्वतःला दटावलं. पर्याय उलटा केला म्हणजे नवरा दोषी ठरत नव्हता. वकीलसाहेबांनी आत्ताच सांगितलं होतं. पण ‘बाबाच’ मधला ‘च’ गळून पडला होता, आणि त्या एका ‘च’च्या जोरावर त्यांनी बापाला घराबाहेर काढलं होतं.

“प्रश्न मंजूर,” कात्रीसर म्हणाले. “एक शब्दही कापायला मिळाला नाही. पुढचा घ्या.”

घड्याळात पाच व्हायला आले होते. बाई उठून उभ्या राहिल्या. मधेच कुणी उठत नसे, त्यामुळे सगळ्यांनी वर पाहिलं. त्यांनी सरांना जरा बाहेर बोलायचंय असं सांगितलं आणि बाहेर गेल्यावर, पहारेसाहेबांच्या समोरच, घरी फोन करायची परवानगी मागितली.

सरांनी विचारलं, कुणी गेलं का? नाही. कुणी आजारी? नाही. घरून काही निरोप आलाय? तो येणार कसा, दारात तर पहारेसाहेब बसलेले. सरांचा चेहरा हळूहळू ताठ होत गेला. आत एक प्रश्न मंजूर होतो आणि पुढच्या क्षणी सदस्य उठून बाहेर फोन मागतो, याचा अर्थ कुणीही काय लावील, हे त्यांनी शांतपणे बोलून दाखवलं. बाईंनाही ते दिसत होतं. सरांच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही तोच अर्थ लावला असता.

“माझ्याकडून एक चूक झालीय,” त्या म्हणाल्या. “घरातली. कशी कळली ते मला सांगता येणार नाही. साडेपाचनंतर ती दुरुस्त होणार नाही.”

“सांगता येणार नाही म्हणजे?”

“सर, सांगितलं तर तुम्हालाच पेपर बदलावा लागेल.”

सर काय समजले आणि काय नाही, कोण जाणे. त्यांनी फक्त नियम सांगितला. असा फोन होऊ शकतो, पण वरची मंजुरी लागेल, फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला जाईल, मी नि पहारेसाहेब समोर बसू. आतल्या कामातला एक शब्द जरी निघाला तर फोन तिथेच तुटेल. आणि फोन झाला, की या पेपरातले तुमचे सगळे प्रश्न खबरदारी म्हणून बाजूला काढले जातील आणि पुढे तुम्हाला इथे बोलावणं येणार नाही. पुढल्या वर्षी सर निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची बाईंना मिळणार, असं सगळेच धरून चालले होते. बाईंनी मान हलवली. त्यांना त्या क्षणी खुर्चीचं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की मंजुरी लवकर यावी.

मंजुरी लवकर येत नसते. पहारेसाहेब आतल्या फोनवर कुणाशी तरी बोलले, ते आणखी कुणाशी. बाई दाराशेजारच्या पहाऱ्याच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या. तिथे घड्याळ नव्हतं, ते एका परीने बरंच होतं. खिडकीवरचा खाकी कागद पिवळट दिसत होता, तो हळूहळू तांबूस झाला. बाबांची बॅग आता खाली गेली असेल. लिफ्टमध्ये ते कधी बसत नसत, जिन्याने उतरायचे. कठड्याला हात लावत उतरले असतील. मागे वळून पाहिलं नसेल, तसा स्वभावच नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पहारेसाहेबांनी टेबलावरचा पेनांचा डबा उगाचच नीट लावला.

शेवटी फोन लागला तेव्हा साडेपाच केव्हाच होऊन गेले होते. सर भिंतीला टेकून उभे होते. बाबांकडे मोबाइल नव्हता, म्हणून नंबर नवऱ्याचा. दोनदा वाजून तो उचलला गेला.

“हॅलो?”

“मी बोलतेय. कुठे आहात?”

“अगं, तू? तुला फोन कसा...” तो चाचरला. “पुलाच्या अलीकडे. थांबलोय.”

“का थांबलायस?”

गाडीचा दिवा उघडझाप करत असल्याचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. बाईंच्या ओठांवर वाक्य तयार होतं. दुपारी तू घरी येत होतास, आणि गॅस तूच चालू ठेवलास. ते त्यांनी गिळलं. पातेलं घेऊन बाबांच्या उशाशी त्या अशाच गेल्या होत्या, तयार वाक्य घेऊन.

“दुपारी आपल्या घरी कोण येतं?” त्यांनी विचारलं.

मग नवरा म्हणाला, “मी येतो.”

आणि धरण फुटावं तसा तो बोलत सुटला. कंपनी बंद पडून तीन महिने होऊन गेले होते. सकाळी डबा घेऊन निघायचं, वाचनालयात बसायचं, कुठे कुठे अर्ज करायचे आणि दुपारी उन्हात जीव नकोसा झाला की घरी येऊन चहा टाकायचा. दुसरी नोकरी मिळाली की सांगू, असं रोज ठरवायचं. बाईंचा मेसेज आला की धडधडायला लागायचं आणि तो धूम ठोकायचा. शेगडी बंद केली का, हे रस्त्यावर गेल्यावर आठवायचं. बाबांना एकदा जाग आली होती तेव्हा त्यांनी पाहिलं. कुणाला सांगू नका म्हणून त्याने त्यांचे पाय धरले होते.

“मग आज त्यांना घेऊन निघालास कसा?” बाईंचा आवाज इतका खाली गेला होता की पहारेसाहेब पुढे झुकले.

“मी आज सांगणारच होतो.”

“कुणाला? मला इथे फोन नाही, हे तुला माहीत होतं.”

बाईंना हातातला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. इतकी वर्षं शेजारी जेवलेला, झोपलेला माणूस, आणि त्याने एका म्हाताऱ्याच्या पाठीमागे लपावं. पण त्या रागाला आत्ता वेळ नव्हता. बाबांना दे, असं त्यांनी सांगितलं.

खसफस झाली. बाबा यंत्र नीट बसवत असणार. मग तलावापलीकडे जाणारा तो आवाज केबिनभर घुमला आणि सरांनी दचकून दाराकडे पाहिलं.

“हं, बोल.”

“बाबा, तुम्हाला सगळं माहीत होतं.”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलं नव्हतंस गं,” बाबा म्हणाले. “तू पातेलं घेऊन आलीस आणि सांगितलंस.”

आवाजात जराही टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना सोपं गेलं असतं. बाबा सावकाश बोलत राहिले. नवराबायकोच्या मधे म्हाताऱ्याने कशाला पडायचं, असं त्यांना वाटलं होतं. त्याची नोकरी लागेल, तो सांगेल, मिटेल. मग वृद्धनिवासाचं निघालं तेव्हा त्यांनी ताडलं, की पातेलं निमित्त आहे. पातेलं नसतं तर दुसरं काहीतरी निघालं असतं. मग निमित्तावर वाद कशाला घालायचा?

म्हणजे बाबाही काहीतरी धरूनच चालले होते, आणि तेही न विचारता. बाई म्हणाल्या, “बाबा, परत या.” म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की हेही आपण सांगतोच आहोत. “तुम्हाला यायचंय का घरी?”

“ते मग बघू. आधी तू मला सांग. मी तुला जड झालो होतो का?”

सर खाली बघत होते. पहारेसाहेब भिंतीकडे. नाही म्हणायला अर्धा श्वास पुरला असता. कुठलीही लेक नाहीच म्हणाली असती, कुठल्याही बापाने ते ऐकून घेतलं असतं. बाईंना बाग आठवली, हवेशीर खोली आठवली आणि ते ठरल्यानंतर आपल्याला कसं सुटल्यासारखं वाटलं, ते आठवलं. दोन परक्या माणसांसमोर त्यांचा चेहरा लाल झाला.

“थोडे,” त्या म्हणाल्या. “थोडे झाला होतात, बाबा.”

पलीकडे काही वेळ नुसती टिकटिक ऐकू येत राहिली. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. आता ते फोन ठेवतील, पूल ओलांडतील आणि आपल्याला परीक्षा सुरू होईपर्यंत कळणारसुद्धा नाही, असं त्यांच्या मनात आलं. ‘थोडे’ परत घ्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही.

“बरं झालं खरं बोललीस,” बाबा म्हणाले. “नाही म्हणाली असतीस तर मी पुढे गेलो असतो.”

मग तोंड फोनपासून जरा दूर नेऊन, पण सगळ्या केबिनला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “जावईबापू, डोळे पुसा आधी. आणि गाडी वळवा.”